जिओकॅशिंगची सेवा कास-साताऱ्यात: डबा गावात, पठारावर फक्त अर्थकॅश

लपवलेला डबा फोनच्या जीपीएसवर शोधायच्या खेळाची सेवा, जिओकॅशिंग डॉट कॉम, आणि तिचं ॲप सातारा भागात वापरण्याजोगं आहे का? शहरात, गावठाणात, रेलिंग लावलेल्या पॉइंटवर आहे, बिनधास्त वापरा. कास, चाळकेवाडी, पाचगणीचं टेबललँड अशा जांभ्याच्या पठारांवर मात्र या खेळाचा मूळ प्रकार, म्हणजे लपवलेला डबा, आम्ही पाचपैकी शून्य गुण देऊन बाद करतो. त्याच सेवेत ‘अर्थकॅश’ (इंग्रजी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी) नावाचा बिनडब्याचा प्रकार आहे, त्याला त्याच पठारावर साडेचार. एकाच सेवेला दोन टोकांचे गुण का, ते जमीन बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून या परीक्षणात ॲपइतकंच पठाराबद्दलही आहे.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे फोनच्या जीपीएसवर तो शोधतात, आतल्या कागदावर नाव लिहितात, डबा होता तसा ठेवतात आणि ॲपवर नोंद करतात. मे २००० मध्ये अमेरिकेनं नागरी जीपीएसवर मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली ठेवली. संकेतस्थळ त्याच वर्षी सप्टेंबरात आलं. अशा नोंदवलेल्या डब्याला किंवा जागेला ‘कॅश’ म्हणतात, आणि आज जगभरात ३० लाखांहून जास्त कॅश आहेत. युरोपच्या मानानं भारतात त्या फारच विरळ. गंमत अशी, की ती पहिली बादली अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यात घेवड्याचा एक डबाबंद टिन होता. आजच्या नियमांत या दोन्ही गोष्टी बसत नाहीत: मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणायचं नाही आणि डब्यात खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही. म्हणजे नियम अनुभवातून आले आहेत, आणि एकूणात ते बरेच समंजस आहेत.

पण हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झाडीचं जंगल आहे. कास म्हणजे जंगल नव्हे.

पठारावर डबा का नको

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. खाली बेसाल्ट, वर जांभ्याचं कठीण कवच आणि त्या कवचावर मातीचा पातळ थर. काही ठिकाणी ही माती बोटभर, खळग्यांत वीतभर, तर बऱ्याच ठिकाणी उघडा कातळच. ८५० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली ही जागा अशा तुकड्या-तुकड्यांच्या मातीवर उभी आहे. उथळ डबकं, खडकातली भेग, मातीनं भरलेला खळगा, ओघळाची कड, या प्रत्येक ठिकाणी वेगळी झाडं वाढतात आणि दोन ठिकाणांमध्ये कधीकधी एका पावलाचंच अंतर असतं.

जवळून बघा. दवबिंदूची एक जात, ड्रॉसेरा बर्मानी, रुपयाच्या नाण्याएवढी, जमिनीला चिकटून बसलेली असते. बुटाच्या तळव्याखाली अशी चार-पाच सहज जातात आणि जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सीतेच्या आसवांची निळी फुलं दिसतात, पण किडे पकडणाऱ्या तिच्या पिशव्या ओल्या मातीत असतात. ती माती दाबली गेली की पाणी थांबायची जागाच बदलते. सातारच्या नावावरून नाव मिळालेला वायतुरा पावसाळा संपला की दिसेनासा होतो, कारण त्याचा कंद मातीत झोपलेला असतो. एकदा मळलेली पायवाट पुढच्या पावसात ओघळ होते, आणि बोटभर माती वाहून गेली की खाली उरतो तो कातळ.

‘मग फुलांचा हंगाम टाळून एप्रिलात जाऊ’ असं बरेच जण सुचवतात. तेव्हा पठार मोकळं आणि वाळलेलं दिसतं, पण पुढच्या वर्षीचं सगळं बी आणि सगळे कंद त्याच मातीत असतात. शिवाय टिटवी मार्च ते ऑगस्ट याच काळात उघड्या खडीत अंडी घालते. घरटं असं काही नसतं, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी अंडी. खाली बघत फोन घेऊन फिरणाऱ्याला फोन दिसतो, अंडी नाही.

आता डबा लपवायची जागा बघू. उघड्या पठारावर झाड नाही, ढोली नाही. उरतो सुटा दगड नाहीतर कातळाची भेग. डबा लपवणारा तिथेच जाणार, शोधणाराही तिथेच हात घालणार. या सुट्या दगडांखाली फुरसं, इंगळी, पाली, खेकडे, ओल असेल तर देवगांडूळ अशी वस्ती असते. दगड उलटला की खालची ओल उडून जाते आणि उलटून परत ठेवलेला दगड पूर्वीसारखा बसत नाही. डबा एका दगडाखाली असतो, शोधणारा पंधरा दगड उचलतो. त्यात फुरसं असेल तर नुकसान फक्त निसर्गाचं होत नाही. मण्यार-नागासारखं ते दूर पळेलच असं नाही, ते वेटोळं घासत जागेवर बसतं.

बाण आणि दहा मीटरचं वर्तुळ

ॲपमधला सगळ्यात घातक भाग म्हणजे होकायंत्राचा बाण. तो नाकासमोर दाखवतो. कॅश ४०० मीटरवर आहे असं म्हटलं की मधे पायवाट आहे, कुंपण आहे की दवबिंदूंनी भरलेला खळगा, याच्याशी बाणाला देणंघेणं नाही. घाटरस्त्यावर तर तो सरळ दरीत बोट दाखवतो. ॲपमध्ये पार्किंग आणि पायवाटेची सुरुवात यासाठी वेगळे वेपॉइंट, म्हणजे नकाशावरचे खुणेचे बिंदू, टाकायची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. आमच्या मते नाजूक भागात ती सक्तीची हवी. कॅश तुमची असेल तर किमान तीन वेपॉइंट टाका: गाडी कुठे लावायची, वाट कुठे सोडायची नाही आणि शेवटचं वळण. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा, की बाण नाही, वेपॉइंट पाळा.

दुसरा गोंधळ अचूकतेचा. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन ३ ते ५ मीटरपर्यंत नेतो. कड्याशेजारी किंवा दाट झाडीत उपग्रहाचा सिग्नल भिंतीवरून आदळून येतो आणि चूक वाढते. डबा ठेवणाऱ्याच्या फोनची चूक आणि शोधणाऱ्याच्या फोनची चूक मिळून शोधाचं वर्तुळ सहज १० मीटर त्रिज्येचं होतं. १० मीटर त्रिज्या म्हणजे ३१४ चौरस मीटर. बाण गरगर फिरायला लागला की माणूसही त्याच्यामागे गरगर फिरतो, आणि तेवढी सगळी जागा तुडवली जाते. यावर उपाय सोपा आहे: अंतर १० मीटरच्या आत आलं की फोन खिशात ठेवा, वाटेवर उभे राहा, नुसत्या डोळ्यांनी बघा. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर ते आधी काढा, बाण त्यामुळेही भरकटतो.

तिसरी चूक आकडे लिहिण्याची. ही सेवा अंश आणि दशांश मिनिटं वापरते, आपल्याकडे बरेच जण अंश-मिनिट-सेकंदाच्या सवयीनं लिहितात. १७ अंश ४३ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १७ अंश ४३.५०० मिनिटं. कुणी घाईत ४३.३०० टाकलं की जागा सुमारे ३७० मीटर दक्षिणेला सरकली. शेवटच्या अंकात एकाचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेला १.८५ मीटर, म्हणून तिन्ही दशांश लिहायचे आणि वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या वाचनांची सरासरी टाकायची. आकडे चुकले तर त्याची शिक्षा लिहिणाऱ्याला होत नाही. प्रत्येक शोधणारा चुकीची जागा तुडवून जातो, एवढंच.

नियमांचं परीक्षण

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर, जागेच्या मालकाची परवानगी, झाडाला खिळा नाही, भिंतीला भोक नाही, आणि देखभाल करता येईल इतक्या जवळ राहणाऱ्यानंच डबा ठेवायचा. सुट्टीवर आलेल्या पर्यटकानं डबा ठेवून निघून जायचं नाही. प्रत्येक नवी कॅश स्वयंसेवी तपासनीस बघतो आणि मगच ती प्रसिद्ध होते. हे सगळं चांगलं आहे.

कमी कुठे पडतं ते सांगतो. १६१ मीटरचा नियम डब्यांची गर्दी टाळण्यासाठी आहे, जमिनीच्या नाजूकपणाशी त्याचा संबंध नाही. एकच डबा योग्य अंतरावर ठेवून सगळ्यात नाजूक खळग्याचं मातेरं करता येतं आणि नियम कुठेच मोडत नाही. तपासनीस प्रामाणिकपणे काम करतो, पण तो नकाशा बघून ठरवतो, आणि नकाशावर कास म्हणजे एक हिरवट-तपकिरी डाग. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखंच ते. त्यामुळे परवानगीचा रकाना नुसता टिक करून भागत नाही. खरं गाळणं तिथेच व्हायला हवं.

साताऱ्यात परवानगी कशी काढायची ते नीट समजून घ्या, कारण पठारांच्या आसपास वनखात्याची आणि मालकीची जमीन शेजारी-शेजारी असते आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. आधी भूनकाशावर जागेचा गट नंबर काढा, मग महाभूलेखवर त्याचा सातबारा बघा. भोगवटादार म्हणून व्यक्तीचं नाव असेल तर त्या माणसाकडून लेखी संमती घ्या. सामाईक खातं असेल तर सगळ्यांची. जमीन वनखात्याची असेल तर साताऱ्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयाकडे अर्ज करा. अर्जात अक्षांश-रेखांश, जागेचा फोटो, डब्याचा आकार, येणारे लोक कोणत्या वाटेनं येतील, देखभाल कोण करणार आणि डबा केव्हा काढणार, हे सगळं द्या. कासला संयुक्त वन व्यवस्थापन समितीशीही बोलावं लागतं, कारण हंगामातली नोंदणी, वाहनं आणि वाटा तेच सांभाळतात. बिनडब्याच्या अर्थकॅशसाठीसुद्धा ही बोलणी करा. तोंडी ‘ठेवा की, काय होतंय’ यावर विसंबू नका. परवानगी देणाऱ्याचं नाव आणि पद तपासनिसासाठीच्या टिपणात लिहायचं असतं.

बामणोलीच्या पुढे कोयना अभयारण्य लागतं, ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे नुसतं आत जायलाही परवानगी लागते. चांदोली राष्ट्रीय उद्यान तसंच, सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्यही तसंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या जागेत डबा ठेवायचा विचारही नको. किल्ल्यांचं आणखी एक: अजिंक्यतारा असो की सज्जनगड, चुन्याविना रचलेल्या भिंतीतला दगड कॅशसाठी हलवला की शेजारचे दोन सैल होतात. तिथे डब्याला जागा नाही.

अर्थकॅश: खरी कामाची चीज

२००४ मध्ये जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या सहकार्यानं सुरू झालेल्या या प्रकारात डबा नसतो. ठरलेल्या जागी जायचं, तिथली भूशास्त्रीय गोष्ट समजून घ्यायची, दोन-चार प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि ती कॅशच्या मालकाला संदेशातून पाठवायची. उत्तर तपासून येईपर्यंत थांबावं लागत नाही, नोंद लगेच करता येते. उत्तरं आलीच नाहीत तर मालक नोंद काढू शकतो. १६१ मीटरची अटही याला लागू नाही.

सातारा जिल्हा या प्रकारासाठी घडवल्यासारखा आहे. पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला उभं राहिलं की वर जांभ्याची टोपी आणि खाली बेसाल्ट हे एका नजरेत दिसतं. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं बेसाल्ट कुजत गेला, पावसानं त्यातली सिलिका वाहून नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तो हा जांभा. ठोसेघरच्या धबधब्यासमोर प्रेक्षक गॅलरी आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसले आणि पाणी त्यांच्या पायऱ्यांवरून कसं उतरतं हे तिथे रेलिंगच्या आत राहून शिकवता येतं. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आणि धरणाचा जलाशय यांच्या संबंधावर अर्थकॅश होऊ शकते, तीही सार्वजनिक रस्त्यावरून.

प्रश्न कसे घालायचे यावर सगळं अवलंबून आहे. चांगला प्रश्न वाटेवर उभं राहून, कशाला हात न लावता सुटतो: ‘कड्यावर खडकाचा रंग साधारण किती उंचीवर बदलतो?’, ‘जांभ्यातली छिद्रं करंगळीपेक्षा मोठी की लहान?’, ‘पाणी साचलेलं दिसतं ते कातळावर की मातीत?’ वाईट प्रश्न माणसाला वाटेबाहेर ओढतो. ‘डबक्याची खोली मोजा’ म्हटलं की पन्नास जण डबक्यात उतरणार. ‘ताज्या तुटलेल्या भागाचा रंग सांगा’ म्हटलं की कुणीतरी हातोडी आणणारच. आणि आकडे टाकताना खडकाचे नव्हे, बघायच्या जागेचे टाका: पायवाटेवरचा, दोन-चार माणसं उभी राहतील असा टणक तुकडा. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला खडक सुंदर दिसतो, पण वळणावर गाड्या येत असतात. गाडी लावायला सुरक्षित जागा नसेल तर ती जागा सोडून द्या.

अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी, की अर्थकॅशचा विषय भूशास्त्रच असावा लागतो. फुलांवर ती करता येत नाही. कासला लोक फुलांसाठी येतात, त्यामुळे वर्णनात पातळ माती आणि झाडं यांचा संबंध जोडून घ्यावा लागतो. तो जोडताना कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ झाडाची नेमकी जागा लिहू नका आणि नोंदींमध्ये आलेले तसे फोटो काढायला लावा. त्याचे कंद उकरून नेणारेही इंटरनेट वाचतात.

डब्याची हौस असेल तर

डबा शोधण्यातली मजा अर्थकॅशमध्ये नाही, हे खरं आहे. मुलांना घेऊन येणाऱ्यांना ती हवी असते. यासाठी टप्प्याटप्प्याची मल्टीकॅश वापरा: पहिला टप्पा पठाराच्या रस्त्याकडेला, जिथे फक्त काही वाचायचं किंवा मोजायचं, शेवटचा डबा खाली गावात, एखाद्या घरगुती जेवणाच्या ठिकाणी, कृषी पर्यटनाच्या अंगणात, मालकाच्या संमतीनं. नुसत्या माहितीच्या टप्प्याला १६१ मीटरचा नियम लागत नाही. फलक बदलतात, मैलाचे दगड रंगवले जातात, त्यामुळे उत्तर एकाच फलकावर बेतू नका आणि शेवटच्या आकड्यांची बेरीज वर्णनात द्या, म्हणजे चुकलेला माणूस भलत्या शेतात शिरणार नाही.

डबा घ्यायचा तर चारही बाजूंनी कड्या लागणारा, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला, ३०० ते ६०० मिलीचा. सेवेच्या मापात हा ‘स्मॉल’. पारदर्शक घ्या, बेवारस वस्तू म्हणून कुणी पोलिसांना बोलावलं तर आत काय आहे ते न उघडता दिसतं. वर मराठीत ठळक लिहा: हा खेळाचा डबा आहे, मालकाच्या परवानगीनं ठेवला आहे, शंका असल्यास या नंबरवर फोन करा. साताऱ्याच्या पावसात डब्यात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा डबा फुटून नाही, तर रिंगेवर वाळूचा कण किंवा आतला कागद ठेवलेल्या पिशवीचं टोक अडकून. दर खेपेला रिंग ओल्या फडक्यानं पुसा, पिशवी पूर्ण आत दाबा, चारही कड्या लावून डबा उलटा करून बघा. सिलिका जेलच्या पुड्या जुलैत आठवड्याभरात ओल्या होतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. कागदासोबत पेन ठेवू नका, शाई पसरते. शिसपेन्सिल दमट कागदावरही चालते. खाऊ, अत्तर, सुगंधी खोडरबर काहीही नको, वानरं वासावर येतात आणि डबा कौलावर जातो. उन्हाळ्यात प्लॅस्टिक ठिसूळ होतं, म्हणून मेअखेर एकदा कड्या वाकवून तपासा. गवताळ उतारावर ठेवलेला डबा वणव्यात वितळून मातीतच चिकटतो, तिथे नकोच.

शोधणाऱ्यांसाठी

वाट सोडावी लागतेय असं वाटलं तर न सापडल्याची नोंद करा आणि परत फिरा. या ‘डीएनएफ’ (डिड नॉट फाइंड) नोंदीला लोक लाजतात, उगाचच. मालकाला डबा गायब झाल्याचं त्यातूनच कळतं. जागेकडे जाणारी नवी पायवाट पडलेली दिसली तर फोटोसह तपासनिसाचं लक्ष वेधणारी नोंद टाका. त्यावरून तपासनीस कॅश बंद करू शकतो. न सापडलेल्या जागी स्वतःचा नवा डबा ठेवून ‘सापडला’ म्हणायची एक पद्धत आहे. जुना तिथेच असतो, मग दोन डबे कुजत पडतात. हे करू नका. कासला हंगामात जाणार असाल तर ऑनलाइन नोंदणी, ठरलेलं पार्किंग आणि आखलेल्या वाटा यांच्यापुढे ॲपचं काही चालत नाही.

याच सेवेत कचरा उचलण्याचे ‘सीआयटीओ’ (कॅश इन ट्रॅश आउट) नावाचे कार्यक्रम असतात, २००२ पासून. ते इथे उत्तम होऊ शकतात, पण पठारावर नाही, सातारा-कास रस्त्याच्या कडेला आणि पार्किंगला. या कार्यक्रमांत झाडं लावण्याचीही प्रथा आहे. कासवर एकही झाड लावू नका. तिथली फुलं उघड्या उन्हाची आहेत, सावली पडली की ती जातात.

ॲप आणि पैसे

मोफत खात्यात जरा अवघड श्रेणीच्या बऱ्याच कॅश ॲपवर उघडत नाहीत, संकेतस्थळावर मात्र बहुतेकांची माहिती वाचता येते. याद्या ऑफलाइन उतरवून घ्यायला प्रीमियम लागतं, आणि घाटमाथ्यावर रेंज जागोजागी जाते, म्हणजे नेमकी गरजेची सोय पैशांमागे आहे. ॲन्ड्रॉइडवर सी-जिओ हे मुक्त स्रोताचं ॲप फुकटात कॅश साठवून ठेवतं आणि ऑफलाइन नकाशेही चालवतं. साताऱ्यापुरतं तेवढं पुरे. युरोपात फिरायला जाणार असाल तरच प्रीमियमचा विचार करा.

ॲप मराठीत नाही. वर्णन मराठीत लिहिता येतं आणि लिहावंच, कारण डबा गावकऱ्याला सापडला तर त्यालाही वाचता आलं पाहिजे. शोधणाऱ्याला मदत म्हणून दिलेल्या सूचनेच्या (हिंटच्या) बाबतीत एक गोची आहे: संकेतस्थळ सूचना लपवण्यासाठी रोमन अक्षरं तेरा घरं पुढे सरकवतं, देवनागरीला ते लागू होत नाही. मराठी सूचना संकेतस्थळावर उघडीच दिसते. त्यामुळे मराठीत डब्याची जागा सांगू नका, वाट सांगा: ‘फरशी सोडू नका, हात कमरेच्या खाली न्यायची गरज नाही.’